चिंतेची उजळणी थांबवून प्रार्थना कशी करायची

मन घाबरलेलं असताना गुडघे टेकले, तरी बऱ्याचदा प्रार्थना होतच नाही. होते ती काळजीची उजळणी. ‘प्रभू, रिपोर्ट वाईट आला तर काय करू, नोकरी गेली तर हप्ते कसे भरू, मुलाचं पुढे काय होणार...’ असं दहा मिनिटं चालतं, शेवटी ‘आमेन’ म्हटलं जातं, आणि माणूस उठतो तेव्हा छातीतली धडधड आधीपेक्षा वाढलेली असते. मग आणखी एक दुखणं मागे लागतं: ‘प्रार्थना केली तरी शांती नाही, म्हणजे माझा विश्वासच कमी असणार.’ बहुतेक वेळा अडचण विश्वासाची नसते. त्या दहा मिनिटांत देवाला हाक मारलेली असते, पण त्याच्याकडे मागितलेलं काहीच नसतं. भीती नुसती पुन्हा एकदा म्हणून झालेली असते.

बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातली ४:६-७ ही वचनं अनेकांना पाठ असतात. संकटात मात्र त्यांतलं ‘चिंता करू नका’ एवढंच आठवतं आणि ते दटावणीसारखं ऐकू येतं. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे थांबलेला नाही. चिंतेच्या जागी काय करायचं ते तो त्याच वाक्यात सांगतो: प्रार्थना करा, विनंती करा, आभार माना, आपली मागणी देवाला कळवा. हे पत्र त्याने कैदेतून लिहिलं. आपण जगणार की मरणार हे तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं. पहिल्याच अध्यायात तो तसं लिहितो. आणि २ करिंथ ११:२८ मध्ये तो उघड सांगतो की सर्व मंडळ्यांच्या, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या समुदायांच्या, चिंतेचा भार त्याच्यावर रोज असतो. तेव्हा हा सल्ला ज्याला कधी काळजी शिवली नाही अशा माणसाचा नाही.

कागद घेऊन बसा

मनात एकाच वेळी दहा गोष्टी घोंघावत असतील तर डोळे मिटण्याआधी कागद घ्या. मोबाईल नको, त्यावर लिहायला घेतलं की दुसरं काहीतरी उघडतंच. दहा मिनिटांचा गजर लावा आणि डोक्यात येईल ती प्रत्येक काळजी एकेका ओळीत उतरवा. क्रम लावू नका, कारणं देऊ नका. ‘सगळंच बिघडलंय’ असं वाक्य आलं तर त्याखाली विचारा: सगळं म्हणजे नेमकं काय? ‘सगळं’ देवापुढे ठेवता येत नाही. थकलेला हप्ता ठेवता येतो, गुरुवारची मुलाखत ठेवता येते, तुटत चाललेलं नातं ठेवता येतं.

गजर वाजला की थांबा. यादी अपुरी राहिली तरी चालेल, कारण घाबरलेल्या मनाची यादी कधीच पूर्ण होत नाही. आता प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक खूण करा: आज माझ्या हातात आहे, माझ्या हातात आहे पण आज नाही, माझ्या हातात नाही. ही विभागणी प्रार्थनेच्या आधीच करावी, कारण तिन्ही प्रकारांत मागणं वेगळं असतं. पहिल्यासाठी बळ आणि शहाणपण मागायचं. दुसऱ्यासाठी तारीख लिहायची आणि त्या तारखेपर्यंत ती गोष्ट देवाकडे ठेवायची. तिसऱ्यासाठी थेट देवाने काहीतरी करावं असं मागायचं, आणि ते मागताना लाजायचं नाही.

यादीतल्या फक्त तीन ओळी आजच्या प्रार्थनेसाठी निवडा. पंधरा विषयांची प्रार्थना थकलेल्या मनाला पेलत नाही. पाचव्या विषयावर आलं की जीभ बोलत राहते आणि मन पुन्हा पहिल्या भीतीकडे परततं. उरलेल्या ओळींसाठी एकच वाक्य पुरतं: ‘प्रभू, हेही तुला दिसतं आहे.’

भीतीचं मागणीत रूपांतर कसं करायचं ते एका उदाहरणावरून बघू. भीती असते ती अशी: ‘उद्या डॉक्टर काय सांगतील कोण जाणे, आईला कसं सांगू, मला हे झेपणार नाही.’ तीच गोष्ट मागणी होते तेव्हा: ‘प्रभू, उद्या अकरा वाजता आईचा रिपोर्ट मिळणार आहे. मला भीती वाटते. आई बरी व्हावी, ही माझी पहिली मागणी. डॉक्टरांसमोर माझं डोकं ठिकाणावर राहू दे. आईला समजेल अशा शब्दांत बोलायला मला मदत कर.’ यात आधी वस्तुस्थिती आली, मग भावना एका छोट्या वाक्यात आली, मग मागण्या आल्या. भावना लपवलेली नाही, पण तिला एका वाक्यापलीकडे जागाही दिलेली नाही. वाक्यात ‘जर’ आणि ‘तर’ शिरले की समजावं, गाडी पुन्हा उजळणीवर आली. तिथेच थांबून ‘म्हणून मी मागतो’ किंवा ‘म्हणून मी मागते’ असं म्हणावं आणि वाक्य पूर्ण करावं.

आता आभार. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. कॅन्सरबद्दल, अपमानाबद्दल, कर्जाबद्दल देवाचे आभार मानायचे, असा अर्थ घेऊन लोक स्वतःवर जबरदस्ती करतात. जीभ आभार मानते, मन आतून चिडतं. आभार मानावेत ते आज खरोखर हाती असलेल्या गोष्टींचे: तपासणीची तारीख मिळाली, बहीण सोबत येते आहे, काल रात्री चार तास तरी झोप लागली. भेदरलेल्या मनाला धोका सोडून दुसरं काही दिसत नाही. एकेका खऱ्या गोष्टीचं नाव घेत आभार मानले की नजर हळूहळू मोकळी होते. लहानशीच गोष्ट घ्या, पण खरी घ्या.

शेवटी सोपवणं. १ पेत्र ५:७ म्हणतं, आपली सर्व चिंता त्याच्यावर टाका, कारण तो तुमची काळजी घेतो. टाकणं ही क्रिया शरीरानेही करता येते. तळहात खाली वळवून एकेका काळजीचं नाव घ्यावं, आणि मग तळहात वर करून थोडा वेळ गप्प बसावं. चिंता अर्ध्या तासात परत आली तर? येणारच. आली की पहिल्यापासून सगळी प्रार्थना करायची नाही. ‘हे मी सकाळी तुझ्याकडे दिलं आहे’ एवढं म्हणावं आणि हातातलं काम पुढे चालू ठेवावं. दिवसात वीस वेळा म्हणावं लागलं तरी हरकत नाही.

पौलाचं बोलणं सातव्या वचनावर संपत नाही, हे सहसा लक्षात घेतलं जात नाही. जे सत्य, जे न्याय्य, जे शुद्ध त्यावर मन लावा, असं आठवं वचन म्हणतं. आणि जे शिकलात ते आचरणात आणा, असं नववं. म्हणून ‘आमेन’नंतर लगेच उठून पाच-दहा मिनिटांत होणारं एक काम करा. पहिल्या खुणेच्या यादीतलंच घ्या: फोन लावा, अर्जाचा पहिला रकाना भरा, भांडी घासा. प्रार्थनेनंतर तसंच बसून ‘आता शांत वाटतंय का?’ असं स्वतःला तपासत राहिलं की शांती पळते. मनावर अशी पाळत ठेवणं हाही चिंतेचाच प्रकार आहे.

शरीर घाबरलेलं असतं तेव्हा

पॅनिक अटॅकमध्ये, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र घबराटीत, वर सांगितलेलं काहीही जमत नाही, आणि जमावं अशी अपेक्षाही करू नये. हृदय जोरात धडधडतं, हातापायाला मुंग्या येतात, आता आपण मरणार असं वाटतं. श्वास भराभर घेतल्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मुंग्या आणि गरगरणं बरंचसं त्यामुळे असतं. ही लाट साधारण दहा मिनिटांत शिखर गाठते आणि मग ओसरू लागते. पण असं पहिल्यांदाच होत असेल, छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. हृदयाचं दुखणं नाही हे त्यांनाच ठरवू द्या.

अशा वेळी डोळे उघडे ठेवून प्रार्थना करावी. डोळे मिटले की आतली धडधड आणखी मोठी वाटते. बसा, दोन्ही पाय जमिनीवर टेका, समोरच्या एखाद्या वस्तूकडे बघा. चार मोजेपर्यंत नाकाने श्वास घ्या आणि मनात म्हणा, ‘प्रभू येशू ख्रिस्ता’. सहा मोजेपर्यंत श्वास सोडा आणि म्हणा, ‘माझ्यावर दया कर’. सोडलेला श्वास घेतलेल्या श्वासापेक्षा लांब असला पाहिजे. त्यामुळेच हृदयाची गती उतरते. असं केल्याने मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात लॅटिनमधून जपमाळेची प्रार्थना म्हणणाऱ्यांचा श्वास जवळपास याच गतीवर आलेला आढळला आणि हृदयाच्या लयीवरही त्याचा चांगला परिणाम दिसला. देवाने शरीर असं घडवलं आहे, तर प्रार्थनेत त्याचा आधार घेण्यात कमीपणा कसला?

काही जणांना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट जास्त गुदमरल्यासारखं होतं. त्यांनी श्वास मोजू नये. तेविसावं स्तोत्र मोठ्याने, सावकाश म्हणावं. मोठ्याने म्हणताना श्वास आपोआप लांब सुटतो. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन कॅसियन या मठवासी लेखकाने सत्तराव्या स्तोत्राचं पहिलं वचन प्रत्येक प्रसंगी म्हणावं असं शिकवलं: देवा, मला वाचवायला ये, प्रभू, माझ्या मदतीला धाव. एवढं छोटं वाक्य घाबरलेल्या माणसालाही आठवतं, आणि त्यात मागणी आहे. अशी एखादी ओळ शांत असतानाच, रोज दोनदा, पाठ म्हणून ठेवावी. ऐन घबराटीत नवीन काही आठवत नाही.

‘येशूने व्यर्थ बडबड करू नका म्हटलं होतं, मग तेच तेच म्हणणं चुकीचं नाही का?’ असा प्रश्न येतो. मत्तय ६:७ मध्ये ताकीद आहे ती जास्त शब्दांमुळे देव ऐकेल असं समजणाऱ्यांना. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत स्वतः येशूने तीनदा जाऊन तेच शब्द पुन्हा म्हणून प्रार्थना केली, असं मत्तय २६:४४ मध्ये लिहिलं आहे.

१ राजे १९ हा अध्याय तर प्रत्येक दमलेल्या विश्वासणाऱ्याने सावकाश वाचावा. कर्मेल डोंगरावरच्या एवढ्या मोठ्या विजयानंतर संदेष्टा एलिया राणी ईजबेलच्या धमकीने जीव घेऊन पळतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. तो त्याला झोपू देतो, उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला लावतो. तुला लांबचा प्रवास करायचा आहे, एवढंच कारण तो सांगतो. ‘तू इथे काय करतोस?’ हा देवाचा प्रश्न येतो तो चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. म्हणून खूप अस्वस्थ वाटत असेल तर प्रार्थनेआधी स्वतःला विचारा: शेवटचं जेवण कधी झालं? पाणी प्यायलं का? काल किती तास झोप झाली? चहा-कॉफी किती झाली? उपाशी आणि जागरण झालेल्या माणसाने उपास धरून रात्रभर प्रार्थनेला बसणं म्हणजे एलियाला देवाने दिलेलं औषध नाकारणं.

आजचाच भाग

मत्तय ६:३४ मध्ये उद्याची चिंता करू नका असं येशू म्हणतो, पण त्याआधी त्याच अध्यायात तो आजची भाकर मागायला शिकवतो. इस्राएल लोकांना रानात देवाने दिलेलं अन्न, म्हणजे मान्नासुद्धा रोजच्या मापानेच मिळायचा, माणशी एक ओमर (त्या काळचं एक माप). दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर त्यात किडे पडायचे. शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायचा होता (निर्गम १६). चिंताग्रस्त माणूस पुढच्या पाच वर्षांना पुरेल एवढं धैर्य आज मागतो, ते मिळत नाही आणि तो निराश होतो. ‘मला हे सगळं सहन करायची शक्ती दे’ असं मागण्याऐवजी ‘आज संध्याकाळपर्यंत पुरेल एवढी शक्ती दे’ असं मागावं. फारच जड दिवस असेल तर दुपारच्या जेवणापर्यंतचं मागावं. यात नियोजनाला मनाई नाही. सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करणं हे नियोजनच होतं. तारीख लिहून ठेवणं वेगळं आणि त्या तारखेचं दुःख आज भोगणं वेगळं.

आणि कधी कधी चिंतेचं कारण साधंच असतं: काम खरोखरच जास्त आहे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करत बसायचा. त्याचा सासरा इथ्रो याने त्याला सांगितलं की तू करतोस हे बरं नाही, तू झिजून जाशील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम (निर्गम १८). इथ्रोने मोशेला आणखी प्रार्थना करायला सांगितलं नाही. मंडळीत जे कधी ‘नाही’ म्हणत नाहीत त्यांच्यावरच सगळी कामं येऊन पडतात आणि त्यालाच सेवा म्हटलं जातं, हे मला फार खटकतं. यादीतल्या ज्या ओळी दुसऱ्या कुणाच्या आहेत त्यांपुढे त्या माणसाचं नाव लिहा आणि याच आठवड्यात त्या त्याच्याकडे परत करा. आठवड्यातून एक दिवस कामाविना ठेवायची आज्ञा दहा आज्ञांमध्ये आहे. दमलेल्या माणसाने तिच्यापासून सुरुवात केली तरी चालेल.

रात्री

रात्री दोन-तीनला जाग आली की अंथरुणात पडून प्रार्थना करू नये, असं माझं ठाम मत आहे. अंधारात, आडवं पडून केलेली प्रार्थना पाच मिनिटांत उजळणी होते, आणि अंथरुण हे जागं राहण्याचं ठिकाण आहे असं शरीर शिकतं. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठा, मंद दिव्याशी खुर्चीत बसा. घड्याळ बघू नका. जे सतावतंय ते एका ओळीत कागदावर लिहा, कागद घडी करून बाजूला ठेवा. चौथं स्तोत्र वाचा; ते आठच वचनांचं आहे आणि त्याच्या शेवटी शांतीने पडून झोपी जाणं येतं. मग स्तोत्र ३१:५ मधली ओळ म्हणा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो. येशूने वधस्तंभावर हेच शब्द घेतले. डोळे जड झाले की परत अंथरुणात जा. रात्री कुठलाही निर्णय घेऊ नका, आणि देवाचा संदेश शोधायला बायबल कुठेही उघडून बोट ठेवू नका. त्या वेळी घाबरलेलं मन कुठल्याही वचनात शिक्षाच वाचतं.

शब्दच सापडत नाहीत तेव्हा

विलापाची स्तोत्रं याचसाठी आहेत. तेराव्या स्तोत्राची फक्त सहा वचनं आहेत आणि त्यांचा क्रम शिकण्यासारखा आहे. आधी चार वेळा ‘कोठवर?’ अशी सरळ तक्रार, मग ‘माझ्याकडे बघ, मला उत्तर दे’ ही मागणी, आणि मग तुझ्या दयेवर मी भरवसा ठेवला आहे हे वाक्य. या तीन पायऱ्यांवर आपली तीन वाक्यं लिहावीत. तक्रार गाळून थेट भरवशावर उडी मारली की प्रार्थना खोटी वाटू लागते, आणि तक्रारीवरच थांबलं तर मन त्यातच रुतून बसतं. भरवशाचं वाक्य मनापासून येत नसेल तर ‘भरवसा ठेवायची माझी इच्छा आहे’ एवढंच लिहावं. आणि अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी सांत्वनाची ओळ नाही. तेही पवित्र शास्त्रात आहे. म्हणून ज्याची प्रार्थना आज अंधारातच संपली त्याने ती अपुरी समजू नये.

भीती वाटणं हे पाप आहे का, हा प्रश्न अनेकांना आतून पोखरतो. गेथशेमानेत येशूने आपल्या जिवाला मरणप्राय दुःख झालं आहे असं मित्रांना सांगितलं, प्याला टळावा अशी मागणी केली, आणि मग पित्याची इच्छा होवो म्हटलं. ज्याच्यात पाप नव्हतं त्याला यातना झाल्या. मग तुमच्या थरथरण्याला अविश्वासाचा शिक्का कशासाठी?

एक वेगळा प्रकार मात्र ओळखायला हवा. प्रार्थना ‘नीट’ झाली नाही म्हणून ती पहिल्यापासून म्हणणं, एखादा शब्द चुकला तर घरच्यांचं वाईट होईल असं वाटणं, क्षमा मागून झाल्यावर पुन्हा पुन्हा मागत राहणं. हा मंत्रचळेपणाचा, म्हणजे ओसीडीचा, धार्मिक चेहरा असू शकतो. इथे जास्त प्रार्थना केल्याने दुखणं वाढतं, कारण प्रत्येक पुनरावृत्ती क्षणभर सुटका देते आणि मग शंका दुप्पट जोराने येते. अशा वेळी प्रार्थना एकदाच म्हणायची, चुकली तरी तशीच सोडायची, आणि या आजाराची माहिती असलेल्या मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्यायची. पाळकांनाही हे सांगून ठेवावं, म्हणजे ते ‘आणखी प्रार्थना करा’ असा सल्ला देणार नाहीत.

बाकीच्यांनीही डॉक्टरांकडे जायला लाजू नये. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, काम यांवर परिणाम होत असेल, कशातच रस वाटत नसेल, किंवा घबराटीच्या भीतीने घराबाहेर पडणं टाळावंसं वाटत असेल, तर जावं. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी जावं, एकट्याने राहू नये. लूक वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय म्हणतो. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला वारंवार होणाऱ्या दुखण्यासाठी पौल थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. गोळी घेणारा माणूस प्रार्थनेत कमी पडलेला नसतो. डॉक्टरांनी दिलेली औषधं प्रार्थनेनंतर बरं वाटलं म्हणून अचानक बंद करू नयेत. काही औषधं एकदम थांबवली की लक्षणं उलटतात. कमी करायची ती त्यांना विचारून, टप्प्याटप्प्याने.

शेवटी, हे एकट्याने करू नका. येशूनेही गेथशेमानेतल्या त्या रात्री तिघा शिष्यांना जवळ बोलावलं होतं. पण ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ असं मोघम सांगितलं तर ‘हो, करतो’ असं मोघमच उत्तर मिळतं. एका विश्वासू माणसाला गाठा, ज्याच्या पोटात गोष्ट राहते अशाला. आणि नेमकं सांगा: ‘मंगळवारी दहा वाजता माझी मुलाखत आहे. त्या वेळी पाच मिनिटं माझ्यासाठी प्रार्थना करशील का? सल्ला नको, संध्याकाळी फक्त कसं झालं ते विचार.’ आणि ज्याला कुणी असं सांगेल त्याने ‘देव सगळं बरं करेल’ म्हणून विषय संपवू नये. तिथल्या तिथे, दोन वाक्यांत, त्या माणसाचं नाव घेऊन प्रार्थना करावी, आणि मंगळवारी संध्याकाळी आठवणीने फोन करावा.